मास्तरांचा संप, पोरांचा पेपर

तेरमधली सगळ्यात प्रसिद्ध परीक्षा गोरोबाकाकांनी घेतली. संतमंडळी घरी जमली होती. कोपऱ्यात ठेवलेलं थापटणं कशासाठी असतं, असं मुक्ताबाईने विचारलं आणि काकांनी मडकी तपासावीत तशी एकेकाची डोकी थापटून पाहिली. नामदेव तेवढे कच्चे निघाले आणि रुसले. तेरणेच्या काठावरच्या या गावात ही गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही. पण परीक्षा घेणाऱ्यानेच थापटणं खाली ठेवलं तर परीक्षा देणाऱ्याने काय करायचं, हे त्या कथेत नाही. तेरच्या पोरापोरींपुढे तो प्रश्न आला २०१३ च्या उन्हाळ्यात.

४ फेब्रुवारी २०१३ पासून महाराष्ट्रातल्या वरिष्ठ महाविद्यालयांच्या प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. वर्गात शिकवू, पण पेपर काढणार नाही, परीक्षेच्या हॉलवर उभं राहणार नाही, उत्तरपत्रिका तपासणार नाही, अशी भूमिका होती. एमफुक्टो या राज्य महासंघाच्या मागण्यांत दोन मोठ्या होत्या. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी ही पहिली. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेट या पात्रता परीक्षांशिवाय नेमलेल्या प्राध्यापकांच्या सेवेचा प्रश्न ही दुसरी. तेव्हा उच्च शिक्षणमंत्री राजेश टोपे होते, म्हणजे मराठवाड्यातलेच. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि १० मे रोजी बहिष्कार मागे घेतला गेला. सरकारने मधल्या ७१ दिवसांचा पगार रोखून धरला. आम्ही शिकवत होतो, मग पगार का कापला, हे भांडण त्यानंतर कित्येक वर्षं कोर्टकचेऱ्यांत चालू राहिलं.

तारखांवर नजर टाकली की बाकीचं आपोआप कळतं. फेब्रुवारी ते मे २०१३ म्हणजे मराठवाड्यातला असा दुष्काळ, की म्हाताऱ्यांनी बाहत्तर सालाची आठवण काढावी. धाराशिव जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या होत्या, गावोगाव टँकर फिरत होते. घरात बैल ठेवावेत की विकावेत याचा विचार चाललेला आणि मुलगा बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला. त्याची पदवी वेळेत हाती आली तर पोलीस भरती, तलाठी, बँक, काहीतरी. नाही आली तर वर्ष वाया. त्या घरात ‘सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी’ हे शब्द कसे ऐकू आले असतील, याचा अंदाज करायला समाजशास्त्र लागत नाही. विद्यार्थी संघटना सरकारवरही चिडल्या आणि प्राध्यापकांवरही. प्राध्यापकांच्या बाजूने उभं राहण्याचा विषयच निघाला नाही.

माझ्या मते प्राध्यापकांची मागणी तेव्हा चुकीची नव्हती. ठरलेली रक्कम सरकारने द्यायलाच हवी होती. चूक होती ती हत्यार निवडण्यात. शिक्षकाच्या हातात सरकारला टोचेल असं एकच हत्यार असतं, परीक्षा. आणि ते सरकारला लागण्याआधी विद्यार्थ्याच्या अंगातून आरपार जातं. गिरणी कामगाराने माग बंद केले तर मालकाचा माल थांबायचा. प्राध्यापकाने पेपर थांबवले तर मंत्र्याचं काय थांबतं?

तेर हे मोठं गाव आहे, जुनं तर फारच जुनं. दोन हजार वर्षांपूर्वी ‘तगर’ नावाने रोमपर्यंत माल पाठवणारी ही पेठ होती. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात तिचा उल्लेख आहे आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय गावात आहे. गोरोबाकाकांच्या समाधीमुळे वारकऱ्यांची ये-जा असते. पण कॉलेज म्हटलं की पोरांना बहुधा बाहेर पडावं लागतं. धाराशिव वीस किलोमीटरच्या आसपास. पलीकडे बार्शी, लातूर. ज्याची ऐपत आहे आणि ज्याला अधिकारी व्हायचं आहे तो पुण्याला. इथलं कॉलेज-आयुष्य एस.टी.च्या वेळापत्रकावर चालतं, त्यामुळे ‘संप’ म्हटल्यावर इथल्या पोरांना प्राध्यापक आधी आठवत नाहीत, एस.टी. आठवते.

एस.टी.च्या त्या संपाबद्दल थोडं सांगायलाच हवं. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप पाच महिन्यांहून अधिक चालला आणि उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ ही मुदत दिल्यावर संपला. कोविडनंतर कॉलेजं नुकती उघडत होती. पास खिशात, पण गाडी नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत पास मिळणाऱ्या मुलींचं सगळ्यात जास्त नुकसान झालं, कारण काळीपिवळीला रोज पैसे मोजून मुलीला पाठवणारे बाप थोडे. तरीही त्या संपाबद्दल खेड्यात जो ओलावा होता तो प्राध्यापकांच्या वाट्याला कधी आला नाही. कंडक्टर गावातलाच, त्याचा पगार किती हे सगळ्यांना ठाऊक, त्याचं घर पाहिलेलं. महिने लोटले तसा तो ओलावाही आटला, हे खरं; पण सुरुवातीला तो होता.

प्राध्यापकाचं घर पोरांनी पाहिलेलं नसतं. ते धाराशिवच्या किंवा लातूरच्या एखाद्या कॉलनीत असतं. ‘सर’ वर्गात येतात, शिकवतात, जातात. त्यांच्या पगाराचा आकडा मात्र गावात सगळ्यांना माहीत असतो, बहुतेकदा वाढवून. कॉलेजात पोरांची खरी ओळख असते ती ऑफिसातल्या क्लार्कशी, प्रयोगशाळेतल्या परिचराशी, दारावरच्या मामांशी. बोनाफाइड, टीसी, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख, सगळं त्यांच्या हातात. म्हणून शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा संप विद्यार्थ्याला लवकर जाणवतो. आणि वर्तमानपत्रात मात्र तो आतल्या पानावर असतो.

२०२० च्या सप्टेंबरअखेर, अंतिम वर्षाच्या परीक्षा कोविडमुळे आधीच लांबलेल्या असताना, राज्यातल्या विद्यापीठांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी लेखणी बंद केली. पुन्हा २ फेब्रुवारी २०२३ पासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार, मग काळ्या फिती, एक दिवसाचा लाक्षणिक संप आणि २० फेब्रुवारीपासून बेमुदत काम बंद. मागण्या आश्वासित प्रगती योजनेच्या, सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीच्या, रिक्त पदांच्या. राज्यभर विद्यापीठांना पेपर पुढे ढकलावे लागले. या मागण्यांतली रिक्त पदांची मागणी थेट विद्यार्थ्यांची होती. चार जणांचं काम एक जण करत असल्यामुळेच तर शिष्यवृत्तीचे अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतात. पण खिडकीबाहेर उभ्या असलेल्या पोराला हे कुणी खिडकीतून वाकून सांगितलं नाही. त्याला दिसला तो बंद ऑफिसचा दरवाजा आणि त्यावर चिकटवलेला कागद.

मग आला मार्च २०२३. १४ तारखेपासून जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी, शिक्षक, शिक्षकेतर सगळे संपावर गेले. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना तेव्हा शेवटच्या पगारावर बेतलेली पेन्शन नव्हती. स्वतःची आणि सरकारची वर्गणी बाजारात गुंतवून जे उरेल ते त्यांचं. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा त्या आठवड्यात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जिल्हाधिकारी कचेऱ्यांसमोर घुमत होती. सात दिवसांनी, २० मार्चला, संप मागे घेतला गेला.

त्या सात दिवसांत कोल्हापुरात सुशिक्षित बेरोजगार तरुणांनी या संपाच्या विरोधात मोर्चा काढला. कर्मचाऱ्यांना पेन्शन नको, आम्हाला नोकरी द्या, आम्ही कमी पगारातही काम करू, असा त्यांचा सूर होता. समाजमाध्यमांवर तो सूर राज्यभर पसरला आणि मराठवाड्यात तर चांगलाच पसरला. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये रात्री बारापर्यंत बसणाऱ्या पोरांना तो आपला वाटला. मला तेव्हा या पोरांचा राग आला होता. स्वतःच्या होणाऱ्या नोकरीची किंमत आधीच पाडून ठेवणं हा कसला शहाणपणा? पण त्यांच्या जागी बसून पाहिलं तर वेगळं दिसतं. २००५ नंतरच्या कर्मचाऱ्याला किमान नोकरी तरी आहे. ज्याची नोकरी लागण्याचीच खात्री नाही, त्याने त्या नोकरीच्या शेवटी मिळणाऱ्या पेन्शनसाठी घोषणा द्याव्यात, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. पुढे सहा महिन्यांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, खासगी कंपन्यांमार्फत सरकारी कामासाठी कंत्राटी माणसं घेण्याचा शासन निर्णय निघाला तेव्हा हीच पोरं रस्त्यावर आली. २० ऑक्टोबरला उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो निर्णय रद्द केल्याचं जाहीर केलं. कायम नोकऱ्या संपवण्याची जी वाट आहे तिच्यावरचाच कंत्राटी भरती हा पुढचा टप्पा होता, आणि जुनी पेन्शन बंद होणं हा आधीचा. दोन्ही आंदोलनं एकाच वर्षात झाली आणि एकमेकांकडे पाठ करून झाली.

इथे जरा दूर जाऊ. २२ फेब्रुवारी २०१८ ला ब्रिटनमधल्या साठहून अधिक विद्यापीठांत प्राध्यापक आणि इतर शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले. टप्प्याटप्प्याने चौदा दिवस. कारण काय, तर पेन्शन. ठरावीक रकमेची हमी काढून टाकायची आणि वर्गणी बाजारात जे कमावेल ते द्यायचं, असा त्यांच्या पेन्शन योजनेचा प्रस्ताव होता. म्हणजे आपल्या २००५ च्या निर्णयाचा सख्खा भाऊ. तिथले विद्यार्थी तेव्हा वर्षाला ९,२५० पौंड फी भरत होते. त्यांनी फी परत मागितली, काहींनी कोर्टाची भाषाही केली. पण मोठ्या संख्येने ते प्राध्यापकांच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेने पाठिंबा दिला. कडाक्याच्या थंडीत विद्यापीठाच्या फाटकावर प्राध्यापकांसोबत पोरं उभी राहिली, फाटकाबाहेर खुले वर्ग भरले, आणि केंब्रिजसह अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांनी प्रशासनाच्या इमारतींत ठाण मांडलं. प्रस्ताव मागे पडला, तज्ज्ञांची समिती नेमली गेली. २०२३ मध्ये मात्र तिथल्याच संघटनेने उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार टाकला, हजारो विद्यार्थ्यांच्या पदव्या अडकल्या, आणि तो ओलावा बराच कमी झाला. परीक्षेचं हत्यार लंडनमध्येही तसंच कापतं.

२०१८ ला ब्रिटिश पोरं पेन्शनसाठी उभी राहिली आणि २०२३ ला आपली पोरं पेन्शनविरुद्ध, हे कसं? तिकडची पोरं जास्त उदार असतात अशातला भाग नाही. तिथे फाटकावर उभ्या असलेल्यांत पस्तीस वर्षं नोकरी झालेला प्रोफेसर होता, तसाच नऊ महिन्यांच्या करारावरचा व्याख्याताही होता, आणि पीएच.डी. करता करता पहिल्या वर्षाला शिकवणारी विद्यार्थिनीही होती. ती विद्यार्थिनीही होती आणि संपकरीही. वर्गात बसलेल्या अठरा वर्षांच्या पोराला ती परकी वाटायचं कारण नव्हतं.

आपल्याकडे तिची जागा कोणाची? तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाची. आणि संपाच्या चित्रात तो नसतो.

तासिका तत्त्व म्हणजे तासाला पैसे. पदवीच्या वर्गाला शिकवायचा दर २०२२ च्या सुमारास ६२५ वरून ९०० रुपये झाला. आठवड्याला नऊ तास धरले तर महिन्याला बत्तीस हजारांच्या आसपास होतात. कागदावर बरं दिसतं. पण हे पैसे सुट्टीत नाहीत, परीक्षेच्या काळात नाहीत, उन्हाळ्यात नाहीत. जे आहेत ते वेळेवर नाहीत. सहा-सहा, आठ-आठ महिन्यांचं मानधन एकदम हाती पडणं ही नेहमीची गोष्ट. दरवर्षी नव्याने मुलाखत, नव्याने आदेश. पीएच.डी. झालेला, सेट उत्तीर्ण, चाळिशीकडे झुकलेला माणूस जूनमध्ये पुन्हा प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसलेला असतो. सोबतीला शेती, नाहीतर शिकवणी, नाहीतर बायकोची अंगणवाडी.

हे कशामुळे झालं ते आकड्यांत सांगता येतं. २५ सप्टेंबर २०१८ ला एमफुक्टोने बेमुदत संप पुकारला. त्यातली एक प्रमुख मागणी रिक्त जागा भरा ही होती, आणि म्हणून तो संप माझ्या दृष्टीने २०१३ पेक्षा वेगळा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने ३,५८० पदं भरायला मान्यता दिली. २०२१ च्या नोव्हेंबरात हिशेब मांडला तेव्हा त्यातली १,४९२ भरलेली आणि २,०८८ अजून भरायची होती. तीन वर्षं गेली होती आणि दर महिन्याला कोणीतरी निवृत्त होत होतं. त्या रिकाम्या खुर्च्यांवर तासिकावाले बसतात. कित्येक ग्रामीण कॉलेजांत एखादा अख्खा विभाग त्यांच्यावरच चालतो. एम.ए. होऊन तुम्हीही प्राध्यापक व्हा, हे पोरांना सांगणारा कायम प्राध्यापक असतो; प्राध्यापक झाल्यावर काय होतं, ते शेजारच्या वर्गात दिसत असतं.

तासिकावाला संप करू शकत नाही. त्याने तास घेतला नाही तर त्याचा तासच जातो, आणि कदाचित पुढच्या वर्षीचा आदेशही. २०१८ च्या संपात कायम प्राध्यापक बाहेर बसले तेव्हा वर्ग चालू ठेवण्यासाठी यांच्याकडेच पाहिलं गेलं. हे वर्गावर गेले तरी पंचाईत, नाही गेले तरी पंचाईत. त्यांची आंदोलनं वेगळी होतात. पुण्यात उच्च शिक्षण संचालनालयासमोर, मुंबईत आझाद मैदानावर. सेट-नेट, पीएच.डी. झालेल्या तरुणांचं धरणं, उपोषण. तिथे मात्र विद्यार्थी दिसतात. संशोधक विद्यार्थी असतात, एम.ए.चे असतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे असतात. त्यांना कुणी पाठिंब्याचं पत्र लिहायला सांगितलेलं नसतं. पाठिंबा हा शब्दच तिथे थोडा विचित्र वाटतो, कारण दोन-तीन वर्षांनी आपण नेमके याच मांडवात बसणार हे त्यांना कळलेलं असतं.

ढोकीचा तेरणा साखर कारखाना तेरपासून जवळच. तो वर्षानुवर्षं बंद राहिला, पुढे भाडेतत्त्वावर दिला गेला, आणि मधल्या काळात कामगारांची देणी हा पंचक्रोशीतला रोजचा विषय होता. थकलेला पगार म्हणजे काय हे इथल्या घरांना शिकवावं लागत नाही. तासिकावाल्या सरांचं मानधन आठ महिने आलं नाही म्हटल्यावर कारखान्याच्या कामगाराच्या पोराला जे समजतं, ते सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीने समजत नाही. दोन्ही थकबाकीच, पण एकीत किराणा दुकानाची उधारी आहे.

आता जवळचंच एक वेगळं उदाहरण, तुळजापूर. तेरहून धाराशिवमार्गे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. भवानीच्या दर्शनाला येणाऱ्या गर्दीतल्या फार थोड्यांना माहीत असतं, की या गावाबाहेर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं, म्हणजे टिसचं, ग्रामीण आवार आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबादमध्ये, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, मदत आणि पाहण्यांचं जे काम झालं त्यात या संस्थेचा मोठा वाटा होता. पुढे इथे पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम आले, देशभरातून पोरं आली. निती आयोगाने देशातल्या मागास जिल्ह्यांची ‘आकांक्षित’ म्हणून यादी केली त्यात उस्मानाबाद होता. त्या जिल्ह्यात एवढी नावाजलेली संस्था असणं ही लहान गोष्ट नव्हे.

ब्रिटनमधला तो संप ज्या दिवशी सुरू झाला त्याच्या आदल्याच दिवशी, २१ फेब्रुवारी २०१८ ला, टिसच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी या चारही आवारांतल्या विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. प्रश्न होता भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचा. पूर्वी संस्था त्यांच्याकडून वसतिगृहाचे, जेवणाचे पैसे आधी घेत नसे. सरकारकडून येतील तेव्हा येतील. आता ते आधी भरा, असं सांगण्यात आलं. जेवणाचे पैसे आधी भरायची ऐपत असती तर शिष्यवृत्ती कशाला लागली असती, हा साधा सवाल होता. आंदोलन काही आठवडे चाललं आणि देशभर गाजलं. त्या वेळी विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलणारे शिक्षक संस्थेत होते. आधीच्याच वर्षी, मार्च २०१७ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निधीचं कारण देऊन कंत्राटी शिक्षकांना नोटिसा गेल्या होत्या आणि विद्यार्थ्यांनी निषेध केला होता. म्हणजे देवाणघेवाण आधीची होती.

या पार्श्वभूमीवर २८ जून २०२४ चा शुक्रवार. चारही आवारांतल्या सुमारे ५५ शिक्षकांना आणि ६० शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना पत्रं मिळाली: ३० जूननंतर तुमची सेवा संपुष्टात. टाटा एज्युकेशन ट्रस्टकडून पगारासाठीचं अनुदान आलेलं नाही, हे कारण. काही जण दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं शिकवत होते; हुद्दा कंत्राटी, काम कायमचं. वर्तमानपत्रांतल्या आकड्यांनुसार त्यात मुंबईचे २०, हैदराबादचे १५, गुवाहाटीचे १४ आणि तुळजापूरचे ६ शिक्षक होते. सहा हा आकडा लहान वाटतो. तुळजापूरसारख्या छोट्या आवारात तो लहान नसतो.

संप करायला इथे वेळच नव्हता. ज्यांना काढलं त्यांनी काम बंद करणार म्हणजे काय करणार? शिक्षकांच्या संघटनेने प्रशासनाला जाब विचारला. प्रोग्रेसिव्ह स्टुडंट्स फोरम या विद्यार्थी संघटनेने सामूहिक बडतर्फीचा जाहीर निषेध केला. माजी विद्यार्थी बोलू लागले, आणि टिसचे माजी विद्यार्थी देशभर वर्तमानपत्रांत, प्रशासनात, संस्थांत आहेत. शनिवार-रविवारचे दोन दिवस बातमी सगळीकडे होती. ३० जूनला, रविवारी, संस्थेने पत्रं मागे घेतली. ट्रस्टने निधी द्यायचं मान्य केलं आहे, कामावर रुजू राहा, असं कळवण्यात आलं. विद्यार्थ्यांच्या निषेधामुळे हे झालं असा दावा मी करणार नाही. पैसा ट्रस्टने सोडला म्हणून झालं. पण एवढा गवगवा झाला नसता तर तो रविवारीच सुटला असता, असंही मला वाटत नाही.

पुढचा भाग कमी सुखाचा. केंद्राकडून निम्म्याहून अधिक पैसा घेणाऱ्या संस्थांच्या प्रमुखांच्या नेमणुका केंद्राच्या हाती देणारे नियम २०२३ मध्ये आले होते, आणि टिसमधलं वातावरण बदललं होतं. एप्रिल २०२४ मध्ये एका दलित पीएच.डी. विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं गेलं. तो लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२५ मध्ये निलंबनाचा काळ तेवढ्यावरच थांबला. ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे शिक्षकांची पत्रं मागे घेतल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, प्रोग्रेसिव्ह स्टुडंट्स फोरमवर बंदी घालण्यात आली. ती नंतर उठली. प्रवेश घेताना आचारसंहितेवर सही करून घेण्याची बातमीही त्याच दिवसांतली. ही कारवाई शिक्षकांना दिलेल्या पाठिंब्यामुळेच झाली असं म्हणायला पुरावा नाही. पण जी पोरं दुसऱ्याच्या नोकरीसाठी बोलली त्यांची स्वतःची बोलण्याची जागा दोन महिन्यांत धोक्यात आली, एवढं तारखा सांगतात.

तुळजापूर आणि धाराशिवचं साधं कॉलेज यांची तुलना करू नका, असं कुणी म्हणेल. रास्त आहे. टिसमध्ये वसतिगृह आहे, शिक्षक-विद्यार्थी एकाच आवारात राहतात, अभ्यासक्रमच असा की कंत्राटी कामगार हा धडा असतो. तेरचा पोरगा दुपारच्या गाडीने घरी जातो. त्याला शेळ्या बांधायच्या असतात. त्याच्याकडे धरण्याला बसायला संध्याकाळ नसते. तरीही एक गोष्ट इथे लागू पडते. टिसमध्ये २०१८ ला जेवणाच्या पैशांसाठी शिक्षक विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलले होते, आणि २०२४ ला नोकरीसाठी विद्यार्थी शिक्षकांच्या बाजूने. आपल्या प्राध्यापक संघटनांनी महाडीबीटीत अडकलेल्या शिष्यवृत्तीसाठी, दुष्काळी गावांच्या परीक्षा फीसाठी, एस.टी.च्या सकाळच्या गाडीसाठी एक दिवस जरी काळी फीत लावली असती, तर २०१३ च्या मे महिन्यात त्यांना बोलायला तोंड राहिलं असतं. काही प्राध्यापक व्यक्तिशः हे करतात, पोरांची फी खिशातून भरणारेही आहेत. संघटना म्हणून ते होत नाही.

मास्तरांच्या मागे पोरांनी उभं राहणं या जिल्ह्याला नवं नाही, हे आठवलं की जरा चुटपुट लागते. लोहारा भागातल्या हिप्परगा गावी निजामाच्या राज्यात राष्ट्रीय शाळा होती. १९२९ च्या सुमारास तिथे मुख्याध्यापक म्हणून आलेले व्यंकटेश खेडगीकर त्याआधी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामगार संघटनेचं काम करत होते. तेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. १९३५ मध्ये मतभेदांमुळे त्यांनी सहकारी शिक्षकांसह हिप्परगा सोडलं आणि अंबाजोगाई गाठली. त्यांच्या मागोमाग विद्यार्थीही गेल्याचं सांगितलं जातं. नोकरी सोडलेल्या मास्तरांच्या मागे पोरं चालत गेली ती पेन्शनचा हिशेब समजला म्हणून नव्हे. तो मास्तर त्यांच्यासोबत राहत होता, जेवत होता, आणि त्यांच्यासाठी कुणाशी भांडायचा ते त्यांनी पाहिलं होतं.

आजच्या पोरांनी पाठिंबा द्यायचं ठरवलंच, तर तो द्यायचा कोणी, हाही प्रश्न आहे. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थ्याचा निवडणुकीच्या वैरातून खून झाला, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका बंद केल्या. त्यानंतर वर्गप्रतिनिधी ठरला तो मार्कांवर. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुका पुन्हा आणल्या, २०१९ मध्ये त्या घ्यायचं ठरलं, विधानसभा निवडणूक आली म्हणून लांबल्या, मग कोविड आला, आणि त्यानंतर वर्षं गेली. अधिसभेत प्राध्यापकांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात, प्राचार्यांचे असतात, संस्थाचालकांचे असतात, पदवीधरांचे असतात. धाराशिवच्या कॉलेजात उद्या संपाची नोटीस लागली तर विद्यार्थ्यांच्या वतीने ‘आम्ही तुमच्यासोबत’ किंवा ‘आमचे पेपर घ्या’, यातलं काहीही अधिकाराने म्हणू शकेल असा निवडून आलेला एकही पोरगा किंवा पोरगी नसते. २०१३, २०१८ आणि २०२३ या तिन्ही संपांच्या मागणीपत्रकांतल्या ज्या मागण्या गाजल्या, त्यांत विद्यार्थी निवडणुका घ्या ही मागणी नव्हती.